पहिली घरची मॅच
(ऑगस्ट २०२४ मध्ये स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, ‘अमेरिकेतल्या आयुष्यावर पाच मिनिटं बोल.’ सॉफ्टवेअरवर बोलले तर मागच्या बाकावरची मंडळी पूर्वीसारखीच झोपतील. म्हणून एका मॅचबद्दल बोलते. ती अजून व्हायची आहे, दोन आठवड्यांनी, शनिवारी ३१ ऑगस्टला.

मी मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बरला राहते. गावाची वस्ती साधारण सव्वा लाख आणि विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१. म्हणजे तीन वानखेडे! खेळ अमेरिकन फुटबॉल. नाव फुटबॉल, पण चेंडू बहुतेक वेळ हातातच. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांना मिळतो.

गेल्या मोसमात मिशिगनने पंधराच्या पंधरा मॅचेस जिंकल्या. ८ जानेवारीला वॉशिंग्टनला ३४-१३ हरवून देशाचं विजेतेपद घेतलं. आता मोसमाची पहिली मॅच घरच्या मैदानावर, कॅलिफोर्नियाच्या फ्रेस्नो स्टेटशी. माझ्या ऑफिसात सगळे म्हणतात, ही सोपी आहे, खरी परीक्षा ७ सप्टेंबरला टेक्सासशी.

मला तसं वाटत नाही. जिंकलेला संघ आता राहिलाच कुठे? १३ खेळाडूंना व्यावसायिक संघांनी उचललं. क्वार्टरबॅक, म्हणजे डाव मांडणारा, जे. जे. मॅकार्थी गेला. त्याच्यासमोर भिंतीसारखी उभी राहणारी पाच जणांची फळीही गेली. प्रशिक्षक जिम हार्बॉ व्यावसायिक लीगमध्ये गेले. त्यांच्या जागी त्यांचेच सहकारी शेरोन मूर आलेत. हार्बॉ निलंबित असताना त्यांनी चार मॅचेस सांभाळल्या आणि चारही जिंकल्या, पण पूर्ण संघ त्यांच्या हाती पहिल्यांदाच आलाय. फ्रेस्नोचे प्रशिक्षकही जुलैमध्ये प्रकृतीमुळे बाजूला झाले. दोन्हीकडे घडी नवीनच.

मिशिगनचा क्वार्टरबॅक कोण, हेही अजून जाहीर झालेलं नाही. ॲलेक्स ऑर्जी पळण्यात तरबेज. डेव्हिस वॉरन शाळेत असताना रक्ताच्या कर्करोगातून उठला आणि शिष्यवृत्तीशिवाय संघात आला. माझं मन वॉरनकडे आहे. बचाव मात्र भक्कम आहे. मेसन ग्रॅहम, केनेथ ग्रँट, विल जॉन्सन तिघेही आहेत. मी पहिल्या तासात फक्त नवी फळी बघणार. ती टिकली, तर मिशिगन जिंकेल.

एवढी धास्ती का? १ सप्टेंबर २००७ ला मी त्याच स्टेडियमात होते. मुलगी जेमतेम वर्षाची. तिला नवऱ्याकडे सोपवून, ऑफिसातल्या एकीने दिलेल्या तिकिटावर गेले. तीही मोसमातली पहिली मॅच होती. मिशिगन देशात पाचवं आणि समोर खालच्या श्रेणीतलं ॲपलेशियन स्टेट. शेवटच्या क्षणी मिशिगनची किक अडवली गेली आणि ३४-३२ ने यजमान हरले. मला नियम कळत नव्हते. पण लाखभर माणसं एकदम गप्प झालेली कळलं, आणि मला आपलं मैदान आठवलं.

नववीत आपल्या खो-खो संघातल्या दहावीच्या मुली गेल्या आणि आम्ही नवख्या उभ्या राहिलो. पहिली मॅच इथेच, सगळी शाळा बघायला. मी पहिल्याच मिनिटाला बाद! हरल्यावर पी.टी.चे सर रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मैदानावर बोलावलं, बस. आमच्या कामातही हेच आहे. जुनी माणसं गेली की कोड राहतो, पण तो तसा का लिहिला हे सांगायला कुणी उरत नाही. मागच्या बॅचने पुढच्या बॅचला काय शिकवलं, ते पहिल्याच मॅचला दिसतं. म्हणून ती मला कधीच सोपी वाटत नाही.

यंदा माझी मुलगी त्याच विद्यापीठात पहिल्या वर्षाला जातेय. आजवर ती माझ्या शेजारी बसून मॅच बघायची. आता ती विद्यार्थ्यांच्या बाजूला उभी असेल आणि मी पलीकडून दुर्बिणीने तिला शोधत असेन. तिच्या नकळत, अर्थातच.

मॅच तिथे संध्याकाळी साडेसातला, म्हणजे तुमच्याकडे रविवारी पहाटे पाचला. सरांची उठायची वेळ तीच. सर, स्कोअर तुम्हाला सगळ्यात आधी कळवते.