उमेदवारांच्या निवाऱ्याचा प्रश्न

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात नागापूर येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार हा आपल्या वार्षिक मेळाव्यातील सर्वांत आनंदाचा कार्यक्रम. नारळ, शाल आणि प्रशस्तिपत्र घेऊन मुलगा किंवा मुलगी व्यासपीठावरून उतरते, तेव्हा आईबापांच्या डोळ्यांत पाणी येते. परंतु पदविका वा पदवी हाती आल्यावर त्याच मुलाला पुण्यातल्या एखाद्या कारखान्यात सहा महिन्यांसाठी शिकाऊ उमेदवार म्हणून बोलावणे येते, तेव्हा घरात आनंदाबरोबर एक चिंताही शिरते. शहरात राहावे कोठे? हा प्रश्न आपल्या कार्यक्रमपत्रिकेत आजवर आलेला नाही. आज तो आपल्यापुढे मांडण्याची मी परवानगी घेतो.

'उमेदवार' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. जो उमेद बाळगून काम शिकतो, तो उमेदवार. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने या शिकण्याला कायद्याचे रूप दिले. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तिची मुदत आरंभी सहा महिन्यांची होती, आणि बारावी उत्तीर्णास ६,०००, आय. टी. आय. वा पदविकाधारकास ८,००० व पदवीधरास १०,००० रुपये असे मासिक विद्यावेतन ठरविण्यात आले. त्याच वर्षी केंद्र सरकारने मोठ्या कंपन्यांतून बारा महिन्यांच्या प्रशिक्षणाची योजना जाहीर केली. तीत दरमहा ५,००० रुपये आणि रुजू होताना एकदाच ६,००० रुपये अशी तरतूद होती.

या रकमा तुटपुंज्या आहेत, हे कोणीही सांगेल. परंतु माझे म्हणणे थोडे निराळे आहे. उमेदवाराला खरी अडचण दरमहाच्या भाड्याची नसते. ती असते पहिल्या दिवशीच्या रकमेची. समजा, 'कॉट बेसिस'वर एका खाटेचे भाडे ४,००० रुपये आहे, मालकाने दोन महिन्यांची अनामत मागितली आणि दलालाने एका महिन्याच्या भाड्याएवढी दलाली घेतली. म्हणजे पहिले विद्यावेतन हाती पडण्यापूर्वी १६,००० रुपये मोजावे लागले. मेसचे पैसे निराळेच. ज्याचा बाप कांद्याच्या भावाकडे डोळे लावून बसला आहे, त्याने ही रक्कम कोठून आणावी? तो व्याजाने काढतो, किंवा मुलाला सांगतो, 'राहू दे, इथेच काहीतरी पाहू.' या 'इथेच काहीतरी'त अनेक उमेदी विझून जातात.

दुसरी अडचण मुदतीची. लॉज चार दिवसांसाठी परवडते, सहा महिन्यांसाठी नाही. खोलीचा मालक अकरा महिन्यांचा करार मागतो. उमेदवाराला सहाच महिने हवे असतात. मधेच खोली सोडली तर अनामत बुडण्याची धास्ती. वास्तविक अकरा महिने हा रिवाज आहे, कायद्याची अट नव्हे. एक वर्षाहून अधिक मुदतीचे भाडेपट्टे नोंदविलेच पाहिजेत, असे १९०८ च्या नोंदणी अधिनियमात आहे. ती नोंदणी टाळण्यासाठी अकराचा आकडा रूढ झाला. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम ५५ अन्वये 'लिव्ह अँड लायसन्स'चा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, व ती जबाबदारी मालकाची आहे. तेव्हा अकराचे मूळ कारणच उरलेले नाही. तीन महिन्यांचा करारही तितकाच कायदेशीर असतो, आणि त्याची नोंदणी आता घरबसल्या संगणकावर होते. ही साधी माहिती आपल्या प्रत्येक घरात असावयास हवी.

बंधुभगिनींनो, परगावी गेलेल्या माणसाच्या अल्पकालीन निवाऱ्याचा हा प्रश्न नवा नाही, आणि आपल्या पूर्वजांनी त्याला दिलेली उत्तरे आजही विचार करण्याजोगी आहेत. मुंबईच्या गिरणगावात कोकणातील एकेका गावाने मिळून खोली घेतली होती. एकाच खोलीत अनेक गिरणीकामगार पाळीपाळीने झोपत. भिंतीशी ट्रंका, दोरीवर कपडे आणि कोपऱ्यात वळकट्या. जेवण खानावळवाल्या बाईकडे. या खानावळवाल्या बायकांना पुढे १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने एकत्र आणले आणि बँकेच्या कर्जाचे दार त्यांच्यासाठी उघडले. दक्षिण मुंबईत धोबीतलावाच्या बाजूस गोव्याच्या गावागावांचे 'कूड' होते, त्यांपैकी काही आजही टिकून आहेत. जहाजावरून उतरलेला खलाशी दुसरे जहाज मिळेपर्यंत अल्प वर्गणीत तेथे राही. आपली पेटी तेथे ठेवून निर्धास्तपणे समुद्रावर जाई. माणूस बदले, खोली कायम राही. या व्यवस्थेचे सारे मर्म एवढ्यात आहे. एकेकट्याला जे परवडत नाही, ते गावाला परवडते. गाव करी ते राव न करी, असे आपण म्हणतो ते उगीच नव्हे.

शिक्षणाच्या क्षेत्रातही हेच घडले. राजर्षी शाहू छत्रपतींच्या प्रेरणेने १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि त्यामागून निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे त्या नगरीत उभी राहिली. पुढे १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यास छत्रपती शाहू बोर्डिंग काढले, तेव्हा त्यांनी एक पाऊल आणखी टाकले. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत व एका पंक्तीस जेवत. १९५५ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीनेही खेड्यातून आलेल्या गरजू विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे चालविली. मात्र शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांसाठी झालेल्या अशा सोयींत उमेदवार सहसा बसत नाही. तो महाविद्यालयातून बाहेर पडलेला असतो आणि नोकरीत शिरलेला नसतो. तो उंबरठ्यावर उभा आहे, आणि उंबरठ्यावर कोणाला झोपता येत नाही.

मुलींच्या बाबतीत ही चिंता दुप्पट होते. खोली मिळत नाही म्हणून मुलीचे प्रशिक्षण रद्द करणारे पालक वाईट नसतात, ते भ्यालेले असतात. त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नोकरदार महिलांसाठी केंद्र सरकारच्या साहाय्याने चालणाऱ्या वसतिगृहांना आता 'सखी निवास' म्हणतात, आणि त्यांच्या नियमांत नोकरीसाठी प्रशिक्षण घेणाऱ्या महिलांनाही एकूण जागांच्या ३० टक्क्यांपर्यंत प्रवेशाची तरतूद केलेली आहे. जागा थोड्या असतात हे खरे. म्हणूनच अर्ज वेळेवर गेला पाहिजे.

आता आपण काय करावे? माझ्या तीन सूचना आहेत.

पहिली, अनामत निधी. वर्गणीतून एक लाख रुपये बाजूला ठेवावेत. वर धरलेल्या हिशेबाप्रमाणे ८,००० रुपयांची एक अनामत धरली, तर बारा उमेदवारांच्या अनामतीस ९६,००० रुपये लागतील. ही रक्कम मंडळाने थेट मालकाकडे भरावी आणि मुदत संपताच परत घ्यावी. शिष्यवृत्ती दिली की संपते. अनामत मात्र परत येते आणि पुढल्या वर्षी दुसऱ्या बारा जणांच्या उपयोगी पडते.

दुसरी, खाटांची नोंदवही. पुणे, मुंबई, नाशिक, छत्रपती संभाजीनगर येथे स्थायिक झालेली आपली कुटुंबे पुष्कळ आहेत. एक खाट तीन वा सहा महिन्यांसाठी कोण देऊ शकेल, भाडे किती, जेवण आहे काय, कारखान्याकडे जाणारी बस कोणती, याची नोंद चिटणिसांकडे असावी. दलालीचा प्रश्न तेथेच मिटेल. भाडे मात्र घ्यावेच. फुकट राहणारा पाहुणा यजमानाला जड होतो आणि स्वतःलाही ओशाळवाणा होतो. करार व पोलिसांकडे द्यावयाची माहिती याही गोष्टी रीतसर व्हाव्यात.

तिसरी सूचना आपल्या नागापूरच्या मंडळींसाठी आहे, आणि ती थोडी कडू लागेल. आपण पुण्याच्या घरमालकाला नावे ठेवतो. परंतु आपले नागापूरही कोणाचे तरी पुणे आहे! येथील औद्योगिक वसाहतीत शेवगाव-पाथर्डीकडची, बीडकडची मुले उमेदवारी करावयास येतात. त्यांना खोल्या देणारी अनेक घरे या मंडपात बसलेली आहेत. 'एकट्या मुलाला देत नाही', 'अकरा महिन्यांखाली देत नाही', 'तुमची जात कोणती?' ही वाक्ये आपल्याच ओट्यावरून बोलली जात असतील, तर पुण्यात आपल्या मुलाला तीच ऐकावी लागल्यावर तक्रार कोणाकडे करावी? म्हणून माझी विनंती अशी की, आपल्या नोंदवहीत नागापूरच्या खोल्याही याव्यात, आणि त्या कोणत्याही जातीच्या, कोणत्याही धर्माच्या उमेदवाराला खुल्या असाव्यात. आपले मंडळ ज्ञातीचे आहे, हे खरे. परंतु आपण शंभर वर्षांनंतर भाऊरावांच्या मागे राहू नये.

पेरणीच्या दिवसांत शेजाऱ्याला बैल उसने देण्याची रीत आपल्या खेड्यांत होती. बैल परत येत असे, आणि शेजाऱ्याचे शेतही पिकत असे. अनामत निधी ही त्याच रीतीची गोष्ट आहे. या तिन्ही सूचना कार्यकारिणीने ठरावरूपाने विचारात घ्याव्यात, आणि पुढील मेळाव्यात सत्कारांच्या यादीबरोबर 'या वर्षी किती उमेदवारांना निवारा मिळाला' ही यादीही वाचली जावी, एवढी अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.