कागद बरोबर, तर जोड बरोबर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सोलापूरकरांना कापडाविषयी सांगायचे म्हणजे पंढरपूरकरांना विठोबाच्या देवळाची वाट दाखवण्यासारखेच आहे. इथल्या चादरीवरची नक्षी जॅकार्ड मागावर उतरते. कोणता उभा धागा केव्हा उचलायचा, हे वर्षानुवर्षे भोके पाडलेले पुठ्ठे ठरवत आले. गणवेश शिवणारेही कापडावर आधी फर्मा ठेवतात, मग कात्री चालवतात. तेव्हा कागदाने कापडाला वळण लावणे आपल्या गावाला नवे नाही. आज बोलायचे आहे ते गोधडीच्या तुकड्यांसाठी वापरायच्या कागदी साच्याविषयी.

आपल्या जुन्या गोधडीला साचा लागत नसे. जुन्या लुगड्यांचे थर अंथरायचे, वर हाताला येतील ते तुकडे मांडायचे आणि धावदोरा घालत जायचे. तुकडा कमी पडला तर शेजारी दुसरा, जास्त झाला तर दुमडून आत. चूक तिथल्या तिथे जिरून जाई. पण हल्ली चांदणी, षटकोन अशा नक्षीच्या गोधड्या होतात. त्यांत तुकडे आधी एकमेकांना जोडतात आणि मग ते अस्तरावर येतात. इथे चूक जिरत नाही, ती पुढच्या जोडात जाते.

हिशेब करून पाहू. एका इंचाचे आठ सूत. चार इंचांचे बारा चौकोन ओळीने जोडले, तर ओळ अठ्ठेचाळीस इंच भरायला हवी. प्रत्येक चौकोन फक्त अर्धा सूत मोठा झाला, तर ओळ सहा सूत, म्हणजे पाऊण इंच वाढते. खालची ओळ बरोबर असेल तर दोन्हींचे जोड एकमेकांवर बसणार नाहीत. मग ताणाताणी होते आणि गोधडी मध्ये फुगते.

यावरचा उपाय जुना आहे. इंग्लंडमध्ये १७१८ साल घातलेले एक रेशमी पांघरूण आहे. त्याचे तुकडे कागदावर दुमडून जोडलेले असून ते कागद अजून आत आहेत. अमेरिकेत याच कामासाठी फ्रीझर पेपर वापरू लागले. मांस गुंडाळून ठेवण्यासाठी निघालेला हा कागद एका बाजूने साधा आणि दुसऱ्या बाजूने प्लास्टिकचा पातळ थर असलेला असतो. चकचकीत बाजू कापडावर ठेवून इस्त्री केली की कागद चिकटतो आणि काम झाल्यावर डाग न ठेवता सुटतो. टाचण्यांनी कापड उचलले जाते, खडूची रेघ पुसते. इथे दोन्ही अडचणी नाहीत.

आता अचूकपणाचे. पहिली गोष्ट, कागद शिलाईच्या मापाचा कापावा, कापडाच्या मापाचा नव्हे. चार इंचांचा चौकोन हवा तर कागद बरोबर चार इंच आणि कापड चारही बाजूंनी दोन सूत जास्त. शिलाई कागदाच्या कडेला लागून घ्यायची, कागदावर नाही. म्हणजे कापडाची कड थोडी वाकडी कापली गेली तरी जोड सरळच येतो.

दुसरी गोष्ट, पहिल्या उष्णतेने हा कागद किंचित आकसतो. म्हणून कोरा कागद एकदा इस्त्री करून सोडवून घ्यावा आणि मगच त्यावर आकृती काढावी. पेन्सिल टोकदार हवी. प्रत्येक साचा मूळ आकृतीवरूनच काढावा. साच्यावरून साचा काढत गेलो तर रेघेची जाडी दर वेळी भर घालते. नक्षीची झेरॉक्स काढली असेल तर माप पट्टीने तपासावे.

तिसरी गोष्ट, कागद कापडाच्या उलट बाजूला चिकटतो, त्यामुळे आकृती सुलट बाजूने आरशातल्यासारखी दिसते. चौकोनाला फरक पडत नाही, पण तिरक्या पाकळीचे तोंड फिरते. असा साचा आधीच उलटा काढावा. साध्या बाजूवर क्रमांक लिहावा आणि उभ्या धाग्याचा बाण काढावा. उरेप कड ओढली की लांबते. कागद चिकटलेला असेपर्यंत ती आवरली जाते, म्हणून कागद जोड होईपर्यंत काढू नये.

इस्त्री कोरडी हवी, वाफेची नको. ती दाबून उचलावी, घासत नेऊ नये. कापड निवले की कागद सोडवावा. एक साचा अनेकदा चालतो. कडा चुरगळल्या किंवा चिकटेनासा झाला की नवा घ्यावा.

मशिनचीही परीक्षा घ्यावी. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या दोन सुतांवर जोडाव्यात. तयार तुकडा साडेतीन इंच भरला पाहिजे. कमी भरला तर दाब जास्त जातो आहे, जास्त भरला तर कमी.

हा कागद आपल्याकडे सहज मिळत नाही. बटर पेपर त्याच्या जागी चालत नाही, कारण तो चिकटत नाही. त्यापेक्षा जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्यावा. कापड त्याच्या कडेवर दुमडून कच्चा टाका घालावा आणि तुकडे हाताने जोडावेत. १७१८ सालच्या त्या पांघरुणाची रीतही हीच.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कुणी विचारील. बाजारातले कापड चुकले तर पुन्हा आणता येते. पण आजीचे इरकली लुगडे नातीच्या गोधडीत घालायचे असते, तेव्हा ते एकच असते. काठ आणि पदर मोजकाच उरलेला असतो. अशा कापडाला दुसरी कात्री लावता येत नाही. ते आधी धुऊन वाळवावे, विरविरीत झाले असेल तर हलकी खळ द्यावी आणि रेशमी पदरावर इस्त्री मंद ठेवावी. साचे जाड कापडाच्या चिंध्यांवर एकदा पूर्ण जोडून पाहावेत. जोड जुळले, माप भरले, की मग लुगड्याला हात लावावा.

चिंध्यांची आपल्या गावात वाण नाही. सरावाला त्या भरपूर आहेत.