घोडा जपणारे हात

महाभारताच्या द्रोणपर्वात एक प्रसंग आहे. युद्धाचा चौदावा दिवस. सूर्य मावळायच्या आत जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन, अशी अर्जुनानं प्रतिज्ञा केलेली. जयद्रथ सैन्याच्या पार मागे, सहा रथींच्या पहाऱ्यात. दिवस उतरणीला लागलेला, एकेक घटका मोलाची. आणि अशा वेळी रथाचे पांढरे घोडे थकले. अंगात बाण रुतलेले, घसे कोरडे पडलेले. कृष्ण काय करतो? घोडे सोडतो. भर रणात, शत्रूच्या मधोमध. अर्जुन रथातून खाली उतरून जमिनीवरून लढतो, बाणानं जमीन फोडून पाणी काढतो, बाणांचंच छत उभं करतो; आणि त्या छताखाली कृष्ण घोड्यांच्या अंगातले बाण उपसतो, त्यांना धुतो, चोळतो, पाणी पाजतो, चारा घालतो. घोडे ताजेतवाने झाल्यावरच रथ पुन्हा जुंपला जातो.

गीता सांगणारा कृष्ण आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. घोड्याला खरारा करणाऱ्या या कृष्णाविषयी मात्र आपण फारसं बोलत नाही. मला तो तितकाच थोर वाटतो. आज मला बोलायचंय ते अशाच हातांबद्दल. घोडदळाच्या कथा आपण ऐकतो त्या स्वारांच्या. पण घोडदळ उभं राहतं ते घोडा जपणाऱ्यांच्या बळावर.

आपल्या जुन्या ग्रंथांमधला घोडा बहुतेक वेळा रथाला जुंपलेला असतो. घोड्यावर बसल्याचे उल्लेख ऋग्वेदात आहेत, पण विरळ. पाचव्या मंडलातलं मरुतांचं एक सूक्त त्यांपैकी ठळक. महाभारतातल्या एका अक्षौहिणीत ६५,६१० घोडेस्वार मोजले आहेत, पण नावानिशी लक्षात राहतात ते रथी. भीष्म, द्रोण, कर्ण, सगळे रथातून लढणारे. स्वार पुढे हळूहळू महत्त्वाचा होत गेला. सांचीच्या आणि आपल्या भाजे लेण्याच्या शिल्पांत स्वाराच्या पायाच्या अंगठ्यापुरती दोरीची कडी दिसते. ही रिकिबीची अगदी सुरुवातीची खूण. अनवाणी बसणाऱ्याला तेवढा आधारही मोठा होता.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षावर एक अख्खं प्रकरण आहे. कंबोज, सिंधू, आरट्ट आणि वनायू इथले घोडे उत्तम, असं तो सांगतो. म्हणजे उत्तम घोडा वायव्येकडून यायचा. तबेला केवढा असावा, जमीन कशी असावी, व्यालेल्या घोडीला तीन दिवस किती तूप पाजावं, घोड्याला दिवसातून दोनदा आंघोळ घालावी, हे सगळं त्यात आहे. आणि एक ओळ अशी, की जिच्यासाठी मी ते प्रकरण पुन्हा पुन्हा उघडतो: युद्धानं, रोगानं किंवा म्हातारपणानं निकामी झालेल्या घोड्यांनाही रोजचं खाणं मिळालंच पाहिजे. राजाच्या खजिन्याचा पै-पैचा हिशेब मांडणारा हा माणूस, पण इथे त्यानं हात आखडता घेतलेला नाही. आश्विन नवमीला घोड्यांना ओवाळण्याचं विधानही त्याच प्रकरणात आहे. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रांची आणि दसऱ्याला घोड्यांची पूजा होत आली, तिची ही किती जुनी वाट!

आता आपल्या मुलखाकडे येऊ. नागपूरजवळच्या माहुरझरीला लोहयुगातल्या शिळावर्तुळांच्या उत्खननात घोड्यांचे अवशेष सापडले, आणि त्यांच्यासोबत घोड्याच्या तोंडावर बांधायचे तांब्याचे दागिने. मेलेल्या घोड्याला सजवून मातीत ठेवणारी माणसं इथे अडीच हजार वर्षांपूर्वीही होती. इथून, धारवाडहून, बदामी काही दूर नाही. तिथल्या कड्यावर शके ४६५चा, म्हणजे इसवी सन ५४३चा लेख आहे. अश्वमेध करणाऱ्या पहिल्या पुलकेशीनं हा दुर्ग बांधल्याचं तो सांगतो. अश्वमेधाचा घोडा वर्षभर मोकळा फिरायचा. नाव राजाचं, पण वर्षभर त्या घोड्यामागे चालायचं काम शेकडो रक्षकांचं. पुढे कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वरानं मानसोल्लास लिहिला, त्यातही घोड्यांची पारख आणि घोड्यावरून चेंडू खेळण्याची करमणूक सविस्तर येते.

दख्खनेत मोठ्या घोड्यांची पैदास मात्र कधी पुरेशी झाली नाही. ते समुद्रातून येत, अरबस्तानातून आणि होर्मुझहून, आणि गोवा-भटकळच्या किनाऱ्यावरून घाट चढून आपल्या या भागातून विजयनगरकडे जात. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलोनं तमिळ किनाऱ्याबद्दल लिहून ठेवलंय की तिथे नालबंद नव्हते, आणि घोडे विकणारे व्यापारी मुद्दामच नालबंद येऊ देत नसत. घोडे मेले की नवे घ्यावे लागत, म्हणून. घोडा सांभाळण्याचं ज्ञान असं अडवून ठेवता येतं, आणि त्यापायी राज्यं कंगाल होतात! सोळाव्या शतकातला पोर्तुगीज घोडेव्यापारी फर्नाव नुनीझ विजयनगरात राहिला होता. तो सांगतो की राजा दरसाल तेरा हजार घोडे घेई. आणि पूर्वीच्या नरसिंह राजाच्या वेळी तर समुद्रात मेलेल्या घोड्याची नुसती शेपटी आणून दाखवली तरी त्याचे पैसे मिळत. १५१०मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, तेव्हा दख्खनच्या घोड्यांची नाडीच त्यांच्या हातात गेली.

धारवाडच्या आसपास गावोगाव वीरगळ आहेत. खालच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत अप्सरा वीराला घेऊन चाललेल्या, वर शिवलिंग. खालच्या पट्टीत पुष्कळदा घोड्यावरचा वीर असतो. मंड्याकडच्या आतकूरला तर दहाव्या शतकात एका शिकारी कुत्र्याच्या नावानं दगड उभा केला गेला. काळी त्याचं नाव. घोडा सांभाळणाऱ्या मोतद्दाराच्या नावानं कोरलेला वीरगळ मात्र माझ्या अजून पाहण्यात नाही.

आपला खंडोबा, इथला मैलार, हाही घोडेस्वारच. मल्हारीमाहात्म्याची कथा अशी की मणी दैत्यानं शरण येऊन आपला पांढरा घोडा देवाला दिला. शत्रूचा घोडा देवानं आपला म्हणून स्वीकारला, आणि मराठी-कानडी दोन्ही मुलखांत तो देवाइतकाच पूज्य ठरला.

धारवाडपासून जवळच यादवाड गावात मारुतीच्या देवळापाशी एक शिल्प आहे. घोड्यावर शिवाजी महाराज. खालच्या भागात महाराज बसलेले, मांडीवर मूल. बेळवडीच्या मल्लम्मानं हे शिल्प कोरवून घेतलं, अशी इथली परंपरा. १६७८मध्ये दक्षिणेच्या मोहिमेवरून परतताना मराठ्यांचा बेळवडीच्या देसाईंशी संघर्ष झाला. भांडणाचं मूळ कशात? फौजेची रसद वाहणारी जनावरं गढीतल्या लोकांनी पळवली, त्यात. देसाई असलेला नवरा पडल्यावर मल्लम्मानं गढी लढवली. राजापूरच्या इंग्रजांच्या पत्रातसुद्धा या स्त्रीनं महाराजांना दिलेल्या झुंजीची नोंद आहे. शेवटी महाराजांनी तिला सन्मानानं सोडलं, आणि तिच्याशी गैर वागणाऱ्या स्वतःच्या सरदाराला कडक शिक्षा केली.

त्या शिल्पातल्या घोड्याकडे पाहताना मला सभासदाची बखर आठवते. पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार, हे आपण शाळेत शिकतो. पण त्याच पंचविसांमागे पाणी वाहणारा एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे, हेही सभासदानं लिहून ठेवलंय. आणि राज्याभिषेकाच्या सुमारास महाराजांनी चिपळूणकडच्या छावणीतल्या अंमलदारांना धाडलेलं ते पत्र! दाणा-वैरण आताच उधळली तर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, असं ते बजावतं. मग शिपाई कुणब्याचं धान्य, भाजी, गवत ओढायला लागतील आणि रयतेला वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. पुढे तर आणखी बारीक सूचना आहेत: गवताजवळ चूल पेटवू नका, तंबाखू ओढू नका, रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर जळती वात ओढून नेईल, गंजी पेटेल, आणि मग एक काडी वैरण उरणार नाही, एक घोडं वाचणार नाही.