वात जळू नये म्हणून

(सामाजिक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



समईत तेल असते तोवर तेल जळते. तेल संपले की वात जळू लागते. काही क्षण उजेड पूर्वीसारखाच दिसतो, म्हणून ते कुणाच्या ध्यानात येत नाही. अखंड काम करणाऱ्या माणसाचेही असेच होते. या अवस्थेला आज 'बर्नआउट' म्हणतात.

हा शब्द बड्या कंपन्यांच्या कार्यालयांतून आला असावा, असा आपला समज असतो. वस्तुतः १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने तो अभ्यासाचा विषय केला, तो न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्यात काम करणाऱ्यांच्या अनुभवावरून. त्यांतील अनेक जण स्वयंसेवक होते. ज्यांची तळमळ अधिक, त्यांनाच हा धोका अधिक, असे त्याचे निरीक्षण होते. म्हणजे हा प्रश्न आपल्या अंगणातलाच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या वर्गीकरणात याला रोग म्हटलेले नाही; कामाशी निगडित अवस्था म्हटले आहे. तिची लक्षणे तीन : शक्ती ओसरणे, कामाविषयी दुरावा वा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. पहिले लक्षण आपण ओळखतो. दुसरे मात्र आपल्याला 'अनुभवातून आलेला कणखरपणा' वाटते. खरा घात तेथेच होतो.

मी माझेच उदाहरण देतो. वृत्तपत्रात रात्रपाळी, दिवसा सभा-बैठका, जेवणाला वेळ नाही, झोपेला नियम नाही. आणि या साऱ्याचा अभिमान! २०१२ साली एक वृद्ध शेतकरी निवृत्तिवेतनाचा अर्ज घेऊन माझ्याकडे आले. मी मान वर न करता म्हणालो, ''ठेवून जा.'' त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि ते निघून गेले. गाव विचारायचे राहिले, नावही राहिले. अशाच माणसांसाठी मी या व्यवसायात आलो होतो. त्या रात्री पत्नी एवढेच म्हणाली, ''अहो, तुम्ही हल्ली कुणाचं ऐकतच नाही.''

लोकमान्य टिळकांचे चरित्र आपण सर्वांनी वाचले आहे. प्रकृती अशक्त, म्हणून डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष त्यांनी व्यायामाला वाहिले आणि त्या वर्षीच्या परीक्षेत अपयशही पत्करले. पुढे १९०८ ते १९१४ हा मंडालेचा कारावास त्यांनी मधुमेह असताना सोसला आणि तेथेच 'गीतारहस्य' लिहिले. दीर्घ पल्ल्याचे काम करणाऱ्याने शरीराची उपेक्षा करू नये, हे त्यांनी विशीच्या आतच ओळखले होते.

मी काय करतो, ते सांगतो. पहाटे वीस-पंचवीस मिनिटे भरभर चालणे, बारा सूर्यनमस्कार आणि दहा मिनिटे शांत बसणे. तोवर मोबाईलला हात लावायचा नाही. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोजची बावीस मिनिटेही त्याला पुरतात. आणखी एक पथ्य : ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी तीनच नमस्कार घालायचे, पण खंड पडू द्यायचा नाही. थोडे, पण नित्य. 'वेळ मिळाला तर' असे ज्याला म्हणतो, त्याला वेळ कधीच मिळत नाही.

मात्र एक सावधगिरी हवी. एकाच खांद्यावर पाच जणांचे ओझे टाकायचे आणि त्याला प्राणायामाचा सल्ला द्यायचा, हे न्यायाचे नव्हे. कामाची वाटणी हे प्रमुखाचे कर्तव्यच आहे. आणि झोप उडाली, उदासी हटेना, तर विनासंकोच डॉक्टरांकडे जावे.

ते आजोबा मला पुन्हा भेटले नाहीत. पण आता कुणी दारात आले की मी प्रथम मान वर करतो, नाव विचारतो. पहाटेच्या त्या पाऊण तासाचे मोल एवढेच आहे, आणि ते मला पुष्कळ वाटते. आपली उपासना ही सेवेतून चोरलेली वेळ नव्हे. ते सेवेच्या समईतले तेल आहे. उद्या पहाटे ते घालावे, एवढीच विनंती.