देहाची हेळसांड हा सद्गुण नव्हे

(महोत्सवानिमित्त भरलेल्या भगिनींच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



आजच्या मंगल प्रसंगीं एका धर्मगुरूनें ओटीपोटाच्या व्याधींवर बोलावें, हें कित्येकांस विलक्षण वाटेल. परंतु ज्या दुखण्याचा उच्चार करण्यास माणूस लाजतो, तेंच त्यास अधिक एकटें पाडतें. खोकतांना, हंसतांना किंवा पाण्याची कळशी उचलतांना लघवी सुटते, म्हणून कित्येक भगिनी मिस्सेच्या वेळीं दाराजवळच्या बांकावर बसतात. कांहीं तर लग्नकार्यास जाण्याचेंच सोडून देतात. ‘बाईच्या जातीला हें असावयाचेंच,’ असें म्हणून वर्षानुवर्षें गप्प राहतात. जें टाळतां येत नाहीं तें धीरानें सोसणें हा सद्गुण खरा. परंतु ज्यावर उपाय आहे तें दुखणें लाजेपायीं अंगावर काढण्यांत कसलेंही पुण्य नाहीं.

असा एक उपाय म्हणजे फिजिओथेरपी, अर्थात् भौतिकोपचार. यांत मुख्य साधनें तीन: व्यायाम, शिकलेला हात आणि योग्य सवयी. ही विद्या कालपरवांची नाहीं. १८९४ सालीं इंग्लंडमध्यें चार परिचारिकांनीं या कामाची संस्था स्थापिली. आपल्या देशांतील फिजिओथेरपिस्टांची संघटना १९५५ सालापासून आहे.

प्रथम ओटीपोटाचा विचार करूं. पुढील जघनास्थीपासून मागें माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांस ती खालून आधार देते. बाळंतपण, जुना खोकला, मलावरोध, जड ओझीं व वाढतें वय यांमुळें ती सैल पडते. मग लघवी सुटते, किंवा अंग बाहेर येतें. अमेरिकेंतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगेल यांनीं १९४८ सालीं या स्नायूंच्या व्यायामाची पद्धत प्रसिद्ध केली. लघवी किंवा वारा रोखतांना जे स्नायू आंत व वर ओढले जातात, तेच श्वास न कोंडतां आवळावयाचे आणि पुरते सैल सोडावयाचे. एका वेळीं निदान आठदां, दिवसांतून तीनदां, असें किमान तीन महिने करावें लागतें. प्रॉस्टेट ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर पुरुषांसही याचा उपयोग होतो.

मात्र एक सावधगिरी पाळावी. कांहीं जणींचे हे स्नायू सैल नसून सदैव आखडलेले असतात; त्यामुळें ओटीपोट दुखतें, शौचास त्रास होतो, पतिपत्नीसंबंधही वेदनामय होतो. अशा वेळीं आवळण्याचा व्यायाम अपायकारक ठरूं शकतो. तेथें स्नायू सैल सोडण्यास शिकावें लागतें. म्हणून शेजारणीचें ऐकून आरंभ न करतां जाणत्या व्यक्तीकडून तपासून घ्यावें. ती तपासणी आपल्या संमतीनेंच होते, आणि स्त्री तज्ज्ञ हवी असें सांगण्याचा आपणांस अधिकार आहे.

आतां सुजेविषयीं. रक्तवाहिन्यांतून पाझरलेला द्रव परत नेणाऱ्या लसीकावाहिन्या शरीरभर पसरलेल्या आहेत. स्तनाच्या कर्करोगासाठीं काखेंतील गांठी काढल्या, किंवा डांसांमुळें हत्तीरोग झाला, म्हणजे हा मार्ग तुंबूं शकतो व हात किंवा पाय सुजूं शकतो. डेन्मार्कचे एमिल वोडर व त्यांच्या पत्नी एस्ट्रिड यांनीं अतिशय हलक्या हाताची एक पद्धत बसविली व १९३६ सालीं पॅरिस येथें ती लोकांपुढें मांडली. आपल्याकडील जोरकस मालिशीशीं तिची गल्लत करूं नये. तींत केवळ त्वचा हळुवार सरकविली जाते. तिच्या जोडीस दाबपट्ट्या, व्यायाम व त्वचेची स्वच्छता लागते. ही सूज बहुधा समूळ जात नाहीं, पण आटोक्यांत राहते. परंतु एकच पाय एकाएकीं सुजून दुखूं लागला, अथवा सुजेबरोबर ताप व लाली आली, तर कोणाचाही हात लावूं न देतां प्रथम डॉक्टर गांठावा. हृदय व मूत्रपिंड यांच्या विकारांतही सूज येते, हें ध्यानांत असावें.

तिसरी गोष्ट जुनाट वेदनेची. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेस वैद्य जुनाट म्हणतात. कित्येकदां जखम भरून येते, तरी मज्जासंस्था पहारेकऱ्यासारखी जागीच राहते व लहानशा स्पर्शासही संकट समजते. मेल्झॅक व वॉल यांनीं १९६५ सालीं असा सिद्धांत मांडला कीं, वेदनेचा संदेश मेंदूकडे जातांना मज्जारज्जूंत कमीजास्त होऊं शकतो. म्हणून अशा रोग्यास ‘हें तुझ्या मनाचे खेळ’ असें म्हणणें हा अन्याय आहे. त्याची वेदना खरी आहे. अंथरुणास खिळून राहिल्यानें ती सहसा वाढते. रोज थोडें, मोजून, वाढतें चालणें व हालचाल यांनीं शरीराचा धीर परत येतो.

लघवींतून रक्त जाणें, कारणावांचून वजन घटणें, किंवा जांघा बधिर होऊन लघवीवरील ताबा एकाएकीं जाणें, या खुणा दिसतांच मात्र विलंब न लावतां इस्पितळ गांठावें.

शेवटीं घरच्या मंडळींस एक विनंती आहे. सुनेच्या बाळंतपणानंतर सासूनें बाळाच्या वजनाबरोबर सुनेच्या प्रकृतीचीही विचारपूस करावी. पतीनें जड हंडा स्वतः उचलावा, आणि पत्नीस व्यायामासाठीं दिवसांतील पंधरा मिनिटें मोकळीं करून द्यावीं. आणि भगिनींनो, आपण ही गोष्ट निदान एका मैत्रिणीच्या कानीं घाला. दाराजवळच्या बांकावर बसणारी एखादी जरी निश्चिंत मनानें पुढें येऊन बसली, तरी आजच्या सभेचें सार्थक झालें असें मी समजेन.