चौथ्या सीटवरचा माणूस

(विठ्ठलवाडी येथे नित्य रेल्वे प्रवाशांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



रविवारची सायंकाळ ही उपनगरातल्या माणसाची स्वतःची अशी एकुलती एक सायंकाळ. तीही आपण लोकलविषयी ऐकण्यासाठी दिलीत. सहा दिवस ज्या विषयाने जीव नकोसा केलेला असतो, त्यावर सातव्या दिवशी व्याख्यान ऐकायला बसणाऱ्या श्रोत्यांच्या सहनशक्तीला मी प्रथम वंदन करतो.

एक साधा हिशेब मांडू. विठ्ठलवाडीहून मुंबईला जाण्या-येण्यात रोजचे किमान अडीच तास मोडतात. वर्षाचे कामाचे दिवस तीनशे धरले, तर हे साडेसातशे तास होतात. म्हणजे दिवसरात्र मोजले तर एक पूर्ण महिना. बारा महिन्यांतला एक महिना ज्या घरात आपण राहतो, त्या घराचे नाव लोकलचा डबा. मग त्या घरातली माणसे कशी वागतात, हा विषय क्षुल्लक कसा म्हणता येईल?

तक्रारींची यादी आपल्याला तोंडपाठ आहे. फलाटावर गाडी थांबण्यापूर्वी उडी मारून आत शिरायचे आणि मागून येणाऱ्या चार मित्रांसाठी चार रुमाल टाकायचे. समोरच्या बाकावर पाय पसरायचे. दारातून थुंकायचे, वाऱ्याबरोबर ते मागच्या दारातल्या माणसाच्या अंगावर जाते, हे थुंकणाऱ्याला ठाऊक असते. पूर्वी गुडघ्यांवर ब्रीफकेस ठेवून पत्ते कुटले जात, त्यांची जागा आता मोबाईलने घेतली. हेडफोन न लावता चित्रफिती पाहणारा एक गृहस्थ साऱ्या डब्याला काय ऐकायचे ते ठरवून देतो. या सगळ्याचा त्रास होतो, हे खरेच. पण यापेक्षा गंभीर असा एक प्रकार आहे आणि आज मला मुख्यतः त्याविषयीच बोलायचे आहे. तो प्रकार म्हणजे दार अडवणे.

आपले स्थानक कल्याणला अगदी खेटून आहे. सकाळी मुंबईकडे जाणारी गाडी कर्जत, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर अशी भरत भरत येते. विठ्ठलवाडीच्या माणसाला दिसते ती दारातली माणसांची भिंत. त्या भिंतीच्या आत, मधल्या जागेत, पुष्कळदा चार माणसे उभी राहतील एवढी मोकळीक असते. पण दारातला ‘ग्रुप’ हलत नाही. तो त्यांचा दरवाजा, त्यांची वेळ, त्यांची गाडी! म्हणूनच आपल्यातले कित्येक जण आधी उलट दिशेने अंबरनाथला किंवा बदलापूरला जातात आणि तीच गाडी पकडून परत येतात. ‘डाऊन’ करून येणे हा शब्द आपल्या घरातल्या मुलांनाही ठाऊक आहे. मुंबईला जाण्यासाठी मुंबईकडे पाठ फिरवून निघावे लागते आणि ती वेळ सहप्रवाशाने आणलेली असते! मग बसून आलेला विठ्ठलवाडीकर पाहून बदलापूरकर चिडतो. त्याच्याही बाजूने विचार केला तर तो अगदीच चूक नाही.

आता सायंकाळचे चित्र पाहा. दादरला किंवा घाटकोपरला आपण कर्जत गाडीत कसेबसे शिरलेले असतो. फलाटावर एक डोंबिवलीकर दाराशी हात घालतो. तेव्हा आतून जो आवाज येतो, ‘अहो, तुम्हाला कल्याण गाडी नाही का? आमच्या गाडीत कशाला?’, त्या आवाजात आपला आवाज नसतो असे छातीवर हात ठेवून किती जण सांगतील? सकाळी ‘आत सरका, आत जागा आहे’ म्हणून ओरडणारा आणि सायंकाळी ‘जागाच नाही’ म्हणून ओरडणारा माणूस एकच असतो. बदल एवढाच की सकाळी तो फलाटावर असतो आणि सायंकाळी पायरीच्या आत.

एकत्र येण्याची शक्ती आपल्यात नाही, असे कोणी म्हणू नये. ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या गाड्यांच्या जागी वातानुकूलित लोकल आल्या, तेव्हा कळव्यात आणि बदलापुरात प्रवासी एकवटले आणि मध्य रेल्वेला नव्या दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. दारातला ग्रुप हेही एक संघटनच आहे. त्यात परस्पर जिव्हाळा असतो, सुखदुःखाची विचारपूस असते, कोणाच्या घरी अडचण आली तर वर्गणी निघते. पण त्या जिव्हाळ्याची सीमा दाराच्या पट्टीपाशी संपते. ओळखीच्यांसाठी जीव टाकणारा हा समाज अनोळखी माणसापुढे एवढा कठोर का होतो, हे मला पडलेले कोडे आहे.

कोडे जुने आहे. १९१७ साली गांधीजी कराचीहून कलकत्त्यास निघाले होते. लाहोरला गाडी बदलायची होती आणि तिसऱ्या वर्गाच्या एकाही डब्यात त्यांना कोणी घेईना. अखेर एका हमालाने बारा आणे घेऊन त्यांना खिडकीतून आत ढकलले. आत आल्यावरही बसायला जागा नाही. वरच्या बाकाची साखळी धरून ते उभे राहिले. गंमत अशी, की वर ऐसपैस आडवे झालेले लोकच त्यांना ‘खाली का बसत नाही?’ म्हणून हटकत होते. मग कोणी तरी नाव विचारले. नाव कळताच मंडळी ओशाळली, क्षमा मागितली आणि जागा झाली. आत्मचरित्रात त्यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. गांधीजींच्या सर्व मतांशी सहमत असण्याची येथे आवश्यकता नाही. डब्यातल्या त्या मंडळींकडे मात्र आपण नीट पाहिले पाहिजे. जागा होती. पहिल्यापासून होती. नाव कळल्यावर ती सापडली. ज्याचे नाव मोठे नाही, त्याने त्या रात्री काय करायचे होते?

दार अडवण्याचा परिणाम केवळ मनस्तापापुरता राहत नाही, हे ९ जून २०२५ च्या सकाळी दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान आपण पाहिले. परस्परविरुद्ध दिशेने जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी रुळांवर फेकले गेले आणि त्याच दिवशी चौघांचा मृत्यू झाला. पाठीवरच्या पिशव्या एकमेकींना घासल्या की रुळांच्या देखभालीत त्रुटी होती, यावर पुढे बरेच वादंग झाले. तो निर्णय तज्ज्ञांनी आणि न्यायालयाने करावा. गाड्या वाढल्या पाहिजेत, एमयूटीपी-३अ मध्ये मंजूर झालेली कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका लवकर पूर्ण झाली पाहिजे, ही मागणी आपण लावून धरलीच पाहिजे. गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे उभी असतात, अशा स्थितीत प्रवाशांना शिष्टाचार शिकवून प्रशासनाला मोकळे सोडणारा वक्ता मी नव्हे. तरीही पायरीवर लटकणारा प्रत्येक जण हौसेने लटकत नाही. त्याच्या पुढे कोणी तरी दार धरून उभा असतो आणि त्याच्या आत कोणी तरी आत न सरकता उभा असतो.

आता थोडे नाजूक विषयाकडे वळतो. लोकलमधली भजनी मंडळे ही मुंबईची मोठी ठेव आहे. दिवसभर यंत्रापुढे किंवा फायलींपुढे वाकलेला माणूस घरी जाताना टाळ हाती घेतो, अभंग म्हणतो, यात मला सौंदर्य दिसते. दसऱ्याच्या सुमारास डब्याला तोरण बांधून पूजा होते, मोटरमनला हार घातला जातो. यंत्राविषयी अशी कृतज्ञता क्वचित कुठे असेल. पण डब्याचा पत्रा हा मृदंग समजून बडवला जातो, तेव्हा कोपऱ्यात परीक्षेचे पुस्तक उघडून बसलेल्या मुलाचे काय? रात्रपाळी करून परतणाऱ्या परिचारिकेचे काय? ‘देवाचे नाव घेतो आहोत’ एवढे म्हटले की तिचे डोके दुखायचे थांबत नाही.

आपल्या स्थानकाच्या नावात विठ्ठल आहे, म्हणून वारीची आठवण करून देतो. लाखो माणसे, अरुंद रस्ता, पाऊस, चिखल. तेथेही धक्का लागतो, तेथेही पुढे जायची घाई असते. पण मागचा माणूस पुढच्याला ‘माउली’ म्हणतो आणि वाट मागतो. नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. अनोळखी माणसासाठी एवढे सुंदर संबोधन ज्या समाजाने घडवले, त्याच समाजातला माणूस लोकलच्या दारात ‘ए, कुठे चढतो?’ म्हणतो. एकादशीला माउली आणि सोमवारी ‘ए’!

परंतु लोकलमध्ये चांगले काहीच उरले नाही, असे मी मानत नाही. आपल्याकडची चौथी सीट पाहा. बाक तिघांसाठी आखलेला असतो. चौथा माणूस येतो, ‘जरा सरकून घ्या’ म्हणतो आणि तिघे सरकतात. तो अर्धाच टेकतो, एक पाय वाटेत, तोल सांभाळत, पण टेकतो. हे रेल्वेच्या कोणत्याही नियमात लिहिलेले नाही. तिघांपैकी कोणी त्याचे नाव विचारत नाही. महिलांच्या डब्यात तर ‘कुठे उतरणार?’ या एका प्रश्नावर जागांची अख्खी वहिवाट चालते. ‘ठाण्याला उतरणाऱ्या ताईंची जागा माझी, माझ्यानंतर त्यांची’, असा तोंडी करार होतो आणि सहसा तो मोडत नाही. मोडलाच तर काय होते, ते भगिनींनी सांगावे. मी त्या डब्यात गेलेलो नाही! (हशा.) जी माणसे बाकावर सरकतात, तीच दारात का सरकत नाहीत? मला वाटते, बाकावर तो माणूस डोळ्यांसमोर उभा असतो, त्याचा थकवा दिसतो. दारात तो पाठीमागे असतो. त्याच्याकडे वळून पाहिले जात नाही.

एका बंधूंनी चिठ्ठी पाठवली आहे : ‘आम्ही सरकू, पण ग्रुपवाले सरकले नाहीत तर काय करायचे? हात उगारतात.’ प्रश्न रास्त आहे. राखीव नसलेल्या डब्यात चढणाऱ्या प्रवाशाला अडवणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १५५ मध्ये दंडनीय ठरवलेला अपराध आहे, हे त्या ग्रुपला शांतपणे सांगावे. हात उगारला तर वाद न घालता १३९ वर तक्रार करावी. गाडीची वेळ, डबा कितवा आणि स्थानक कोणते, एवढे सांगता आले पाहिजे. मात्र एकट्याने तक्रार करणारा दुसऱ्या दिवशी त्याच दारात एकटाच सापडतो, ही भीती खरी आहे. म्हणून तक्रार आठ-दहा जणांनी मिळून करावी, आणि त्या आठ-दहांत दोन-तीन जण बदलापूरचे, अंबरनाथचे असावेत. ते मिळवण्यासाठी कोणी तरी त्यांच्याशी बोलले पाहिजे. उद्या सकाळी आपण त्यांच्याच डब्यात चढणार आहात. तेथून प्रारंभ करता येईल.