बंध : पहिला अतिचार
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण सर्वांनी पाठशाळेत पाठ केले आहेत. त्यांत वध दुसरा येतो. पहिला येतो तो बंध, म्हणजे जीवाला बांधून अथवा कोंडून ठेवणे. हा क्रम असा का, याचा विचार मी पुष्कळ वर्षे केला नव्हता. तो करायला लावला लंडनमधील एका हत्तीने.

पूर्वी दूरदेशीचे प्राणी बाळगणे हा राजांचा षोक होता. फ्रान्सच्या राजाने भेट दिलेला हत्ती १२५५ साली लंडनच्या टॉवरमध्ये आला आणि दोनच वर्षांत मेला. पुढे समुद्रावरील व्यापार वाढला आणि हा राजषोक तिकिटाच्या पैशांत कोणालाही घडू लागला. स्ट्रँड रस्त्यावर 'एक्झीटर चेंज' नावाची इमारत होती. तिच्या तळमजल्यावर दुकाने आणि माडीवर सिंह-वाघांचे पिंजरे! सिंहाच्या गर्जनेने खाली रस्त्यावरचे घोडे बुजत असत.

याच माडीवर हिंदुस्थानातून जहाजाने नेलेला चुनी नावाचा हत्ती होता. प्रेक्षकाने दिलेले नाणे तो सोंडेने घेई आणि परत करी. कवी बायरनने १८१३ साली ते पाहून आपल्या रोजनिशीत टिपले आहे. वयात आल्यावर मात्र तो वरचेवर अनावर होऊ लागला. एकदा त्याच्या धक्क्याने एक रखवालदार दगावला. मार्च १८२६ मध्ये तो पिंजरा मोडील आणि खालची तक्तपोशी कोसळेल, अशी भीती निर्माण झाली. त्याला बाहेर काढण्यास वाटच नव्हती. विष घातलेले अन्न त्याने नाकारले, तेव्हा जवळच्या सॉमरसेट हाउसमधून बंदूकधारी शिपाई बोलावण्यात आले. दीडशेहून अधिक गोळ्या लागल्या असे सांगतात. गोळीबार चालू असताना ओळखीच्या रखवालदाराने आज्ञा करताच तो गुडघे टेकून बसला, असे त्या काळच्या वृत्तान्तांत आहे. त्याचे शव पाहण्यासाठीही एक शिलिंग घेतले गेले. सुळ्याच्या मुळाशी जुने दुखणे आढळले. त्या देशात १८२२ पासून जनावरांवरील क्रौर्याविरुद्ध कायदा होता. पण तो घोडे आणि गुराढोरांपुरता. त्याच वर्षाच्या एप्रिलमध्ये लंडनची प्राणिशास्त्रीय संस्था स्थापन झाली आणि दोन वर्षांनी तिची प्रसिद्ध बाग उघडली. तिथे मोकळी जागा आली, शास्त्रीय अभ्यास आला. बंध मात्र राहिलाच.

श्रावकाचारावरील टीकांमध्ये बंधाचे दोन प्रकार सांगितले आहेत. गाय-बैल बांधावे लागतात, हे त्या आचार्यांना ठाऊक होते. म्हणून ते म्हणतात, गाठ अशी सैल असावी की आग लागल्यास ती चटकन सोडता येईल. तो सापेक्ष बंध. अशी काळजी न घेता आवळून बांधणे हा निरपेक्ष बंध. चुनीचा मालक क्रूर नसेलही, पण त्याच्या माडीला आगीतून निसटण्याची वाट नव्हती.

मुंबईत १८३४ साली जैन व्यापारी आणि जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभी राहिली. भायखळ्याची राणीची बाग त्यानंतरची, १८६२ सालची. गंमत पाहा, पिंजऱ्याशी नाते सांगणारा शब्द आपण वापरला तो जनावरांच्या आश्रयस्थानासाठी! तिथली लंगडी गाय बघण्यासाठी कोणी तिकीट काढीत नाही. अर्थात आपल्याही अनेक पांजरपोळांत जागा अपुरी पडते, हे मान्य केले पाहिजे.

आता थोडे अप्रिय बोलतो. नांदणी मठाची महादेवी हत्तीण जुलै २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर जामनगरला नेण्यात आली, तेव्हा आपल्यापैकी अनेकांचे डोळे पाणावले, माझेही पाणावले. तिच्यावर गावाचे प्रेम होते, यात मला तिळमात्र शंका नाही. पण चुनीवरही लंडनकरांचे प्रेम होते. म्हणून मी प्रेमाविषयी विचारीत नाही, गाठीविषयी विचारतो.

आपल्या ट्रस्टच्या रथयात्रेत आजवर भाड्याचा हत्ती येत आला आहे. डांबरी रस्ता, बँड, फटाके, पायात साखळी. त्यावर बसण्याच्या बोलीची रक्कम जमाखर्चात दरवर्षी दिसते आणि ती लहान नसते. यंदा हत्तीऐवजी लाकडी ऐरावत काढावा आणि बोली त्याचीच व्हावी, असा लेखी प्रस्ताव मी विश्वस्त मंडळाकडे दिला आहे. रक्कम घटेल अशी काहींना काळजी आहे, ती रास्त आहे. तूट आल्यास पहिला वाटा माझा राहील, असेही त्या अर्जात लिहिले आहे.